आरिफानं डबे काढले

महागावच्या तांड्यावर बबिता चव्हाणचा फोन वाजला की आजूबाजूच्या घरांना कळायचंच, इतक्या मोठ्यांदा ती बोलायची. "हव, हंसाबाई, बोला! काय दिसून राह्यलं? वर डाव्या बाजूले? त्याले हात नका लावू! हात नका लावू म्हणते ना मी!" लग्नाच्या मांडवात असो की कापूस वेचायला गेलेली असो, फोन आला की ती थोडी बाजूला जायची. पण एवढीच बाजूला, की बोललेलं सगळ्यांच्या कानावर पडावं. मग परत येऊन पदर सारखा करत म्हणायची, "काय करता बाई, मले विचारल्याशिवाय त्याईचं पान हालत नाही." बोलण्यात वैताग असायचा, पण चेहरा असा फुललेला की पाहणाऱ्यानं काय ते समजून घ्यावं.

आता हे फोन कसले, ते आधी सांगायला पाहिजे. महागाव तालुक्यातल्या बायांच्या बचत गटांनी मिळून एक संघ काढला होता, नाव 'पालवी'. कोणी जवसाची चटणी करायची, कोणी मुंगवड्या, कोणी सरगुंडे, कोणी घरच्या तुरीची डाळ भरडून द्यायची, आणि हा सगळा माल नागपूर-पुण्याच्या लोकांना वेबसाइटवरून विकायचा. वेबसाइट एका संस्थेच्या पोरानं बनवून दिली होती. प्रत्येक गटाला त्यानं वेगळं लॉगिन दिलं. ज्या गटाचा माल तयार होईल त्या गटाच्या बाईनं लॉगिन करायचं, मालाचा फोटो टाकायचा, भाव लिहायचा, आणि 'प्रसिद्ध करा' दाबायचं. सगळ्या बायांमध्ये एमएस-सीआयटी झालेली बबिता एकटी, तेव्हा साइटची मोठी चावी, म्हणजे ॲडमिनचं लॉगिन, त्यानं तिच्या हाती दिलं. पुढं त्या पोराला दुसरीकडे नोकरी लागली, त्याचा नंबर लागेनासा झाला, आणि बबिता पालवीची कम्प्युटरवाली ताई झाली.

ही काही लहान गोष्ट नव्हती बरं का. लग्न होऊन तांड्यावर आली तेव्हा बबिता चार जावांमधली एक होती, भाकरी थापणारी. नवरा लालसिंग मनानं चांगला, पण "बायकोनं शिकावं" असं काही त्याच्या डोक्यात आपसूक आलं नव्हतं. भांडून, रुसून, महिनाभर अबोला धरून तिनं ती एमएस-सीआयटी केली होती. आणि आता तालुक्यातल्या बाया तिला नावानं ओळखत होत्या. तहसीलच्या कार्यक्रमात तिला स्टेजवर खुर्ची मिळाली होती. ज्या जावेनं "कम्प्युटर शिकून काय चंद्रावर जातं का?" म्हटलं होतं, ती जाऊ खाली सतरंजीवर बसली होती.

तर ते फोन. साइटमध्ये लॉगिन केलं की पहिलं जे पान उघडते त्याला डॅशबोर्ड म्हणतात, आणि त्या डॅशबोर्डावर चौकोनी चौकोनी खाने मांडलेले असतात. बाया त्याला डबे म्हणायच्या. एका डब्यात किती पोस्टी झाल्या त्याचा हिशेब. एका डब्यात साइटची तब्येत, त्यात एक गोल आणि 'सुधारणा हवी' असा इशारा. एका डब्यात दूरदूरच्या मेळाव्यांच्या इंग्रजी बातम्या. एक डबा रिकामा, त्यात काहीतरी लिहायला जागा, खाली बटण. वरून कुठल्या कुठल्या जाहिराती. भाव टाकायला आलेल्या बाईला हे सगळं पाहून घामच फुटायचा. ती स्क्रीनचा फोटो काढायची, बबिताला पाठवायची आणि लगेच फोन लावायची.

"बबिता, साइटची तब्येत बरी नाही म्हणते वो! काय झालं तिले?"

"मी पाह्यते, हंसाबाई."

"अन् हा बेंगलोरचा मेळावा लिहिला हाये, त्याले आपल्याले जा लागते का?"

"ते मी पाह्यते ना. तुम्ही नका टेन्शन घेऊ."

बबिता काय पाह्यची? काहीच नाही. पाह्यण्यासारखं तिथं काही नव्हतंच. तिला हेही ठाऊक होतं की पानाच्या वरच्या कोपऱ्यात 'स्क्रीन पर्याय' म्हणून एक जागा आहे, तिथली टिक काढली की ज्याच्या त्याच्या पानावरचा डबा दडतो. संस्थेच्या पोरानं तिला ते पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. तिनं कोणालाही सांगितलं नाही. कायले सांगेल? डबे दडले असते, तर फोन कोणी केला असता?

आरिफा पालवीत आली ती अशी. महागावच्या बसस्टँडजवळ रिजवानचं गाडी दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्याची ही बायको, माहेर पुसदचं, बीसीए झालेली. शेवयांच्या गटात नाव घातलं आणि महिन्याच्या मिटिंगला येऊन मागच्या रांगेत बसायला लागली. कमी बोलायची. कोणी तिला काही विचारायचं नाही, तीही कोणाला काही विचारायची नाही. बबितानं तिच्याकडे फार लक्ष दिलं नव्हतं. शेवया मात्र बारीक करते, एवढं तिच्या डोळ्यात भरलं होतं.

मग ती फेब्रुवारीची मिटिंग आली. त्या दिवशी हंसाबाई तावातावातच आल्या होत्या. हंसाबाई म्हणजे पालवीतली सगळ्यात मोठी बाई, वयानंही आणि आवाजानंही. चटणी अशी करायच्या की नुसत्या वासानं भूक लागावी. संघाच्या अध्यक्ष विजयमालाताई बोलायला उभ्या राहायच्या आधीच हंसाबाईंनी तोंड सोडलं.

"माह्यी चटणी काहून नाही खपत? काय विष घातलं का मी त्यात? हप्त्याले भाव टाकून राह्यली, फोटो टाकून राह्यली, अन् एक मानूस विचारत नाही! दुसऱ्याईचं सगळं जाते!"

सगळ्यांनी बबिताकडे पाहिलं. बबिता म्हणाली, "गिऱ्हाइकाच्या मनावर असते ना, हंसाबाई. मी पाह्यते."

तेवढ्यात मागून आवाज आला, "मावशी, तुमचा फोन देता का जरा?" आरिफा उठून पुढं आली. तिनं हंसाबाईंचं लॉगिन उघडलं, इकडं-तिकडं बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, तुमची चटणी साइटवर गेलीच नाही. तुम्ही सगळं ह्या रिकाम्या डब्यात लिहून राह्यल्या. ह्याले क्विक ड्राफ्ट म्हणतात, म्हणजे कच्चा मसुदा. खालचं बटण दाबलं की तो नुसता साठून राह्यते, बाहेर जात नाही. हे पाहा, सगळे इथंच पडले हायेत."

पाहते तर काय! हंसाबाईंच्या चटणीच्या जाहिराती एकाखाली एक निवांत पडल्या होत्या, जगाला पत्ता नाही. लिहायला समोर जागा दिसली, खाली बटण दिसलं, बाईनं लिहिलं आणि दाबलं. यात तिचा काय दोष? पण मिटिंगमध्ये हशा पिकला, आणि हंसाबाईंचं तोंड एवढंसं झालं. त्या बबिताकडे वळल्या, "अन् तू काय पाहून राह्यली होती वो इतके दिवस?"

बबिताच्या कानशिलात कोणी मारावी तसं झालं तिला. त्यात आरिफा पुढं म्हणाली, "ताई, हे डबेच काढून टाकले तर? फक्त माल टाकायचं ठेवायचं. कोणाचीच गफलत व्हायची नाही."

"निघतात का ते?" विजयमालाताईंनी विचारलं.

"नाही निघत," बबिता एकदम बोलली. "ते वरूनच येतात. कंपनीचे हायेत ते."

"कोडनं निघतात, ताई," आरिफा म्हणाली. तिच्या बोलण्यात ना चढाओढ, ना टोमणा. तिनं जसं होतं तसं सांगितलं, आणि बबिताला तेच जास्त झोंबलं. भांडली असती तर बबितानं तिला तिथंच गुंडाळून ठेवलं असतं.

विजयमालाताईंनी सांगितलं, आरिफालाही मोठी चावी द्या. द्यायची कोणी? ज्याच्याजवळ आहे त्यानं. बबितानं संघाच्या ऑफिसात बसून स्वतःच्या हातानं आरिफाचं लॉगिन ॲडमिनचं केलं. मुलीला सासरी पाठवतानाही बाईला इतकं जड गेलं नसतं, आणि ही तर कोणाची कोण, गॅरेजवाल्याची बायको!

दुसऱ्या दिवशी आरिफा ऑफिसच्या लॅपटॉपवर कोड लिहायला बसली आणि बबिता तिच्या मागं खुर्ची टाकून बसली. "शिकाले बसली," असं तोंडानं म्हणाली. खरं म्हणजे ती कुठं चुकते ते पाह्यला बसली होती. आरिफा लिहिता लिहिता समजावून सांगत होती, ही आणखी एक खोड. प्रत्येक डब्याला आत एक नाव असते. साइट डॅशबोर्ड मांडायला घेते त्याच घडीला आपला कोड मध्ये अडकवायचा, आणि सांगायचं की हा डबा काढ, तो डबा काढ, नाव घेऊन घेऊन. साइटच्या मूळ फायलींना हात लावायचा नाही. एक छोटं प्लगिन, म्हणजे साइटला वरून जोडायचा तुकडा, वेगळं करायचं, म्हणजे साइट अपडेट झाली तरी आपलं काम पुसलं जात नाही, आणि कधी नको वाटलं तर एका क्लिकमध्ये बंद करता येते.

"अस्सं," बबिता म्हणाली. लक्ष सगळं त्या काळ्या पडद्यावरच्या ओळींकडे. कळत होतं अर्धंच, पण जळत होतं पूर्ण.

पहिल्यांदा प्लगिन चालू केलं आणि पडद्यावर लाल पट्टी आली, चूक आहे, चालू होत नाही. बबिताच्या मनात असे लाडू फुटले! "मोडली ना साइट? मी म्हटलं होतं का नाही?" तोंडातून निघूनही गेलं. आरिफानं ओळींवरून नजर फिरवली, "साइट नाही मोडली, ताई. एका ओळीच्या शेवटी टिंब-स्वल्प, तो सेमीकोलन, राह्यला," म्हणाली, तो घातला, पुन्हा दाबलं. झालं! बबितानं पाणी प्यायला म्हणून उठून खिडकीजवळ जाऊन उभं राहणं पसंत केलं.

पुढच्या मिटिंगला हंसाबाईंनी आपला फोन उघडून सगळ्यांना दाखवला. डॅशबोर्ड कसा, सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ. वर 'नवा माल टाका' एवढं एक, बाकी काही नाही. बाया एकमेकींचे फोन पाहायला लागल्या. "माहेही निघाले वो!" "माहेही!" बबितानं घाईघाईनं स्वतःचं लॉगिन उघडलं आणि तिला काय दिसावं? तब्येतीचा डबा, मेळाव्याचा डबा, रिकामा डबा, जाहिराती, सगळे जिथल्या तिथं!

"हे पाहा!" ती उभीच राहिली. फोन सगळ्यांपुढे धरला. "माह्याकडे तर सगळं जसंच्या तसं हाये! काय काढलं इनं? अर्धवट काम! याच्यासाठी चावी घेतली का तू?" आवाज इतका चढला की बाहेर चहावाल्यानं आत डोकावून पाहिलं.

आरिफा गोंधळली नाही. "तुमचे ठेवले, ताई," ती म्हणाली. "तुमचे अन् माहे. कोडमध्येच सांगितलं की ॲडमिनचे काढू नको. साइटचं बरं-वाईट कोणाले तरी दिसाले पाहिजे ना?"

विजयमालाताई हसल्या, "बबिता, तुह्यावरच भरोसा दिसते पोरीचा!" त्या चांगल्या मनानंच बोलल्या. पण बाया खो खो हसल्या ना! बबिता फोन घेऊन खाली बसली, कान लाल, डोळ्यांत पाणी. आपल्याच तोंडानं आपली फजिती करून घेतल्यासारखं झालं होतं, आणि यात आरिफाची काही चूक नव्हती, हे तर सगळ्यात वाईट.

त्या दिवसापासून बबिताचा फोन बसला. म्हणजे तो चालू होता हो, वाजत नव्हता. कोणाला काही विचारायचंच राहिलं नव्हतं. लॉगिन करा, माल टाका, बटण दाबा, संपलं. ती फोनचा आवाज वाढवून पाह्यची, रिंगटोन वाजवून पाह्यची. लालसिंग एकदा म्हणाला, "रिचार्ज संपला का वो तुहा?" (घरात ते दोघं गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलायचे, आपण आपल्या सोयीनं वऱ्हाडीत सांगू.) "तुम्ही गप बसा," ती फणकारली. शेजारच्या श्रावणच्या पोरीच्या लग्नात तांडा जमला होता. बबिता फोन हातात धरूनच बसली. एक बाई सहज म्हणाली, "आज शांत-शांत हाये बबिता." बस्स, एवढंच. पण बबितानं बुंदीचं ताट तसंच बाजूला सारलं.

आरिफाचा राग यायला मग कारण लागायचं नाही. तिच्या शेवयांना पुण्याहून मागणी आली, आला राग. तिनं मिटिंगला नवी ओढणी घातली, आला राग. हंसाबाईंनी तिला "माह्यी लेक" म्हटलं, तेव्हा तर बबिताच्या अंगाचा तिळपापड झाला. दरवर्षी नवी जवस आली की हंसाबाई चटणीची पहिली बरणी बबिताला द्यायच्या. या वर्षी ती बरणी बबिताच्या डोळ्यांसमोरून आरिफाच्या पिशवीत गेली. चटणीचं काय एवढं? घरी जवस होती, खलबत्ता होता, करून खाता आली असती. पण तिला ती बरणी हवी होती, ती आणि तीच.

आणि एका दुपारी, घरात कोणी नसताना, तिनं साइट उघडली. प्लगिनच्या यादीत गेली. तिथं लिहिलं होतं, 'पालवी डॅशबोर्ड सफाई'. आणि त्याच्यापुढं, लेखिका: आरिफा शेख. लेखिका! इतकी वर्षं बबितानं साइट सांभाळली, तिचं नाव कुठं होतं का एका कोपऱ्यात तरी? त्या नावाखालीच दोन शब्द होते, 'निष्क्रिय करा'. बबितानं दाबलं. दाबून मोकळी झाली.

पण तिच्या पडद्यावर काहीच बदललं नाही. तिचे डबे गेलेच कुठं होते परत यायला? बाकी बायांकडे आले की नाही, ते तिला दिसणारच नव्हतं. कळायचा एकच मार्ग होता, फोन वाजणं. दुसऱ्या दिवशी हंसाबाईंचा साइटवर चटणी टाकायचा दिवस होता. सकाळपासून बबिता फोन समोर ठेवून तूर निवडत बसली. सूप हालवायची, फोन पाह्यची. सूप हालवायची, फोन पाह्यची. मनात उत्तर तयार होतं, "अगो माय, परत आले का? ते असंच असते हंसाबाई, नव्या लोकाईच्या कोडचं काही खरं नाही. मी पाह्यते." दोन-तीनदा तिनं ते पुटपुटूनही पाहिलं.

फोन काही वाजला नाही. दुपारी ग्रुपवर हंसाबाईंनी पाठवलेला फोटो आला, सगळे डबे पुन्हा जागच्या जागी, आणि खाली त्यांचा आवाज, "आरिफा, बेटा, हे डबे वापस आले वो. मी रिकाम्या डब्यात नाही लिहिलं बरं, शपथ!" मागून दुसऱ्या गटाच्या बाईचा फोटो. मग तिसरीचा. सगळ्या एकच विचारत होत्या, आरिफा, आरिफा, आरिफा. बबितानं पटकन टाइप केलं, 'थांबा, मी पाह्यते.' पाठवलं. त्याच्याखाली कोणीतरी लिहिलं, 'आरिफाले फोन लावला का कोणी?' आणि दुसरीनं लिहिलं, 'लावला, बिझी लागून राह्यला.' बबिताचा निरोप त्या दोघींच्या मध्ये तसाच पडून राहिला. तिनं तो दोनदा वाचला, खरंच गेला ना म्हणून.

सूप बाजूला सारून ती रडली. रागानं रडली, काही पश्चात्ताप वगैरे नाही. आपण खड्डा खणावा आणि पाणी दुसरीच्या विहिरीला लागावं, याचा राग.

उन्हं कलायला लागली तशी रिजवानची स्कूटी अंगणात येऊन थांबली. आरिफा एकटीच होती. आली! आता ही विजयमालाताईंना सांगणार, मिटिंगमध्ये तमाशा करणार, आणि तांड्यावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तिनं बाजेवर बसायलाही म्हटलं नाही. आरिफा आपली आपण बसली.

"ताई, प्लगिन बंद हाये," ती म्हणाली.

"अपडेटनं झालं असंल."

"अपडेटनं नाही होत बंद. चावी तुमच्याजवळ हाये अन् माह्याजवळ. मी नाही केलं."

आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि लपवायची बबिताची रीतही नव्हती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हव! मीच केलं! जा, सांग विजयमालाताईले! सांग साऱ्या गावाले! तुले काय ठाव, किती वर्षं मी हे सांभाळलं? रात नाही, दिवस नाही, फोन आला का धावली. अन् तू आली, दोन घंटे बसली, अन् माहे सगळे फोन नेले! माह्या हातात ठेवलं काय तू? तब्येतीचा डबा!"

आरिफा खाली मान घालून ऐकत होती. बबिताला वाटलं, आता ही उठून जाईल. ती उठली नाही.

"ताई, मी डबे हंसाबाईसाठी नाही काढले," ती म्हणाली. "मिटिंगमंदी येऊन बसत होती मी, कोणी नाव विचारत नव्हतं. घरी सासू म्हणते, शिकून काय केलं? अन् तुमचा फोन वाजला का सगळ्या चूप होऊन ऐकत. तुम्ही बाजूले जाऊन बोलत, मी पाह्यत राहो. मले इतकं जळत होतं, ताई, इतकं! मले वाटलं, मी असं काही करीन का ह्या सगळ्या मले फोन करतील. म्हणून काढले." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "अन् एकही फोन नाही आला. डबेच नाही तर विचारतील काय? कोडनं तुमचे फोन गेले, माह्याकडे आलेच नाहीत."

बबिता बाजेच्या दुसऱ्या टोकावर बसली.

"आज आले," आरिफा म्हणाली. "दुपारपासून वाजूनच राह्यला. सासू आश्चर्यानं पाहून राह्यली होती. खरं सांगते, ताई, मले मालूम होतं तुम्हीच बंद केलं, तरी मी आतापर्यंत चालू नाही केलं. बरं वाटून राह्यलं होतं."

हे ऐकून बबिताला हसू यावं की त्या पोरीच्या दोन कानफटात द्याव्यात, काही कळेना. म्हणजे आपण जन्मभराचा राग एका बटणात घातला, आणि त्याचे फोन त्या पोरीनं दुपारभर मजेत घेतले! पण मग तिनं त्या पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हे तोंड तिच्या ओळखीचं होतं. भाकरी थापताना ती स्वतः असंच तोंड करून चार जावांमध्ये बसायची.

"आता चालू कर मग," ती तुटकपणे म्हणाली. "बाया खोळंबल्या असतील."

"तुम्ही करा. तुम्ही बंद केलं, तुम्हीच चालू करा. मी नाही हात लावत."

बबितानं साइट उघडली. 'पालवी डॅशबोर्ड सफाई', लेखिका आरिफा शेख, खाली 'सक्रिय करा'. तिनं दाबलं. दोघींच्याही पडद्यावर काही बदललं नाही, दोघींचे डबे तसेच. "झालं का?" तिनं विचारलं. "झालं," आरिफा म्हणाली.

तेवढ्यात आरिफाचा फोन वाजला. विजयमालाताई होत्या. आरिफा बाजेवरच बसून बोलायला लागली, "हव, ताई, झालं ठीक. नाही नाही, कोणी काही नाही केलं. अपडेट आला होता, त्याच्यात बंद पडलं. हव. असं होत असते." बबिता तिच्या तोंडाकडे पाहतच राहिली. खोटं बोलताना पोरगी जरा अडखळली, पण शेवटपर्यंत बोलली.

आणि तेव्हाच, इतक्या दिवसांनी, बबिताचा फोन वाजला. पडद्यावर हंसाबाईंचं नाव. बबितानं तो कानाला लावला.

"बबिता! गेले वो डबे! एकदम साफ झालं! आरिफाले लावून राह्यली, तं तिचा बिझी येते, म्हणून तुले लावला. कोणं केलं? तिनंच केलं असंल."

'मी केलं.' हे दोन शब्द जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. खरेही होते. आत्ताच, ह्या बोटानं केलं होतं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग बंद कोणी केलं? आणि समोर ती पोरगी फोनवर अजून विजयमालाताईंना अपडेटचं समजावून सांगत होती.

"हव, हंसाबाई," बबिता म्हणाली. "आरिफानंच केलं."

"मले वाटलंच," हंसाबाई खुशीत म्हणाल्या. "मी आमच्या सुनेले, नयनले, तेच सांगून राह्यली होती, हे बबिताच्यानं व्हायचं काम नोहे. खरं का नाही?"

बबितानं डोळे मिटले. आत असं जळत होतं की फोन जमिनीवर आपटावा.

"खरं हाये," ती म्हणाली. "माह्यानं नसतं झालं."